सोबत कोण?

टूर कंपनीच्या ऑफिसातल्या मुलीनं फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, "काकू, सोबत कोण?"

"कोणी नाही. एकटीच आहे."

तिचं पेन थांबलं. "मग पार्टनर बघावा लागेल. नाही मिळाला तर सिंगलचे भरावे लागतील."

हे गेल्यानंतरची माझी ती पहिली सहल. केरळ, सात रात्री आणि आठ दिवस. कोची, मुन्नार, ठेक्कडी, अलेप्पी, कोवळम. पेपरातल्या जाहिरातीत माणशी ३८,००० रुपये असा ठळक आकडा होता. त्याच्या डोक्यावरच्या चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेला होता: ट्विन शेअरिंग. म्हणजे एका खोलीत दोघं असतील तरच हा दर. अनोळखी बाईबरोबर राहायला माझी काहीच हरकत नव्हती. तसं मी फॉर्मवर लिहून दिलं, सही केली, पैसे भरले आणि घरी येऊन बॅग काढली.

निघायला नऊ दिवस उरले असताना फोन आला. माझ्या खोलीत ज्या बाई येणार होत्या, त्यांनी बुकिंग रद्द केलं होतं. दुसरं कोणी 'लेडीज सिंगल' नाही, म्हणून आणखी १४,००० भरा. मी विचारलं, मीही रद्द केलं तर? तर बहुतेक सगळी रक्कम बुडणार होती. मी पैसे भरले.

मुन्नारच्या दुसऱ्या रात्री जेवणाच्या टेबलावर सोलापूरच्या एका बाईंशी ओळख झाली. बसमध्ये त्या अगदी मागे बसायच्या, त्यामुळे तोवर नुसतं हसण्यापुरतंच होतं. बोलता बोलता कळलं की त्याही एकट्याच आल्या आहेत. त्यांनी गावातल्या एजंटकडून बुकिंग केलं होतं, शेअरिंगला तयार असल्याचं त्यांनीही लिहून दिलं होतं, आणि पार्टनर मिळाला नाही म्हणून सिंगलचे पैसे त्यांनीही भरले होते. आम्ही दोघी एकाच मजल्यावर, दोन दारांच्या अंतरानं, दोन वेगळ्या खोल्यांत झोपत होतो. टूर मॅनेजर माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं रूमिंग लिस्ट उघडून बघितली, चेहरा पडला त्याचा. म्हणाला, "काकू, माझ्या हातात लिस्टच अशी आलीय. पुढची सगळी बुकिंगं झालीत." त्या पोराचा काहीच दोष नव्हता.

त्या रात्री खोलीत आल्यावर मी शेजारच्या पलंगाकडे बघत बसले. ताणून बसवलेली पांढरी चादर, फुगवलेली उशी, पायथ्याशी घडी घालून ठेवलेला दुसरा टॉवेल. टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या, दोन कप, चहाच्या दोन पुड्या. नवऱ्यामागे एकटीनं राहायची सवय मला झाली होती. पण घरातला रिकामा पलंग वेगळा, आणि ज्याचं बिल आपल्या नावावर फाडलंय असा रिकामा पलंग वेगळा. त्याच्याकडे बघून जे वाटलं, त्यासाठी हा लेख लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करते. हॉटेलवाला खोली विकतो, माणसं मोजत नाही. सहलीतली बस, बोट, गाइड, तिकिटं, जेवणं यांचा हिशेब माणशी होतो. खोलीचा होत नाही. समजा खोलीचं भाडं रात्रीला ४,००० रुपये आहे. दोघांत ते २,००० पडतं, सात रात्रींचे १४,०००. खोलीत एकच माणूस राहिलं तर उरलेले १४,००० कोणीतरी भरायलाच हवेत. एका माणसाचा नाश्ता वाचतो, एकट्या पाहुण्याला बरीच हॉटेलं थोडा कमी दर लावतात, तेवढं त्यातून वजा करून दाखवलं पाहिजे हे खरं. पण मूळ खर्च खोटा नाही. ज्याला स्वतःची वेगळी खोली हवी आहे, कोणाचं घोरणं नको, पहाटे कोणाची खुडबुड नको, त्यानं हा फरक द्यावा. ती त्याची निवड आहे आणि निवडीची किंमत असते.

माझं म्हणणं आहे ते जो माणूस खोली वाटून घ्यायला तयार आहे त्याच्याबद्दल. त्याला जोडीदार मिळाला नाही, तर ती जोखीम कोणाची? आज ती सरसकट प्रवाशाच्या माथी मारली जाते. माझ्या मते ती कंपनीची असायला हवी, आणि हे मी दयेपोटी म्हणत नाही, हिशेबानं म्हणते.

हिशेब असा. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये शेअरिंगला तयार असलेल्या एकट्या बायका किती असतील? दोन असोत, पाच असोत, नऊ असोत, जोड्या लावत गेलं की शेवटी उरली तर एकच बाई उरते. पुरुषांतही तसंच, उरला तर एकच. म्हणजे एकटे कितीही आले तरी एका सहलीत 'सुट्या' राहणाऱ्या माणसांची संख्या दोनच्या वर जाऊच शकत नाही. त्यातही तिघी किंवा त्याहून जास्त असतील तर शेवटच्या तिघींना ट्रिपलची खोली देता येते, मग कोणीच सुटं राहत नाही. खरी अडचण येते ती ग्रुपमध्ये एकटी बाई एकच असेल तेव्हा. तिच्या अर्ध्या खोलीचे १४,००० रुपये चाळीस जणांत वाटले तर माणशी ३५० होतात. बाई आणि पुरुष असे दोघं सुटे राहिले तर ७००. ३८,००० च्या दरात हे आधीच धरून ठेवलं तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. तेच ओझं एकाच माणसावर टाकलं की त्याची सहल एक तृतीयांशाहून जास्त महाग होते. वर पॅकेजवरचा ५ टक्के जीएसटी एकूण रकमेवर लागतो, म्हणजे त्या रिकाम्या गादीवर करही आलाच.

यावर जोडप्यानं येणारे म्हणतात, त्यांच्या एकटेपणाचा खर्च आम्ही का उचलायचा? प्रश्न रास्त आहे. पण ग्रुप टूरचा दर आत उघडून बघितला तर तो असल्याच वाटण्यांनी भरलेला असतो. टूर मॅनेजर आपल्याबरोबर येतो, त्याची खोली, त्याचं तिकीट, त्याचं जेवण; हे सगळं कोण भरतं? प्रवासीच भरतात, सगळे मिळून, आणि त्यात एकटा आलेलाही असतो. बसच्या दहा जागा रिकाम्या गेल्या तरी बसचं भाडं तेवढंच पडतं. ते कमी पडलेले पैसे शेवटच्या सीटवर बसलेल्याकडून वसूल करा, असं कोणी म्हणत नाही. माणसं पुरेशी येतील की नाही ही जोखीम कंपनी घेते, कारण तोच तिचा धंदा आहे. मग दोन माणसांची एक खोली भरेल की नाही, एवढीच जोखीम प्रवाशाकडे का?

माझी आई तीन वर्षं आळंदीहून पंढरपूरला दिंडीबरोबर चालत गेली. एकटीच जायची. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, माणशी ठरलेली असायची आणि रात्री राहुटीत बायकांची अंथरुणं ओळीनं पडायची. तिला कोणी सोबत कोण म्हणून जादा पैसे मागितले नाहीत. थ्री स्टार हॉटेल म्हणजे राहुटी नव्हे, हे मला कळतं. पण एकटं माणूस समूहात आलं की त्याला सामावून घेण्याची जबाबदारी समूहाकडे घेऊन जाणाऱ्याची असते, ही समजूत आपल्याला परकी नाही.

जोखीम कंपनीकडे असावी याचं आणखी एक कारण आहे आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आज जोडी जुळली नाही तर कंपनीचं काही बिघडत नाही. पैसे कुठून तरी येणारच असतात. त्यामुळे जोडी जुळवण्याची तळमळ कोणालाच नसते. आमची ठाण्याची शाखा आणि सोलापूरचा एजंट यांच्या याद्या एकत्र करून बघायला कोणाला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. पण ती बघण्यात कोणाचा फायदा नव्हता आणि न बघण्यात कोणाचं नुकसान नव्हतं, आम्हा दोघींखेरीज. उद्या नियम बदलला, सुट्या राहिलेल्या खोलीचे पैसे कंपनीच्या खिशातून जायला लागले, तर बघा, प्रत्येक शाखेतली प्रत्येक एकटी बाई आठ दिवसांत सापडेल.

बाहेरच्या देशांत हे होत नाही असं नाही. दोघांच्या केबिनमध्ये एकट्यानं जायचं तर क्रूझवर दोघांचे पैसे भरावे लागतात, हे सर्रास चालतं. पण तिथे काही जणांनी वाटा शोधल्या. नॉर्वेजियन एपिक नावाचं जहाज २०१० मध्ये निघालं तेव्हा त्यात एकट्या प्रवाशांसाठी १२८ लहान केबिन मुद्दाम बांधलेल्या होत्या. जी ॲडव्हेंचर्ससारख्या कंपनीत एकट्या बाईला दुसऱ्या बाईबरोबर आणि पुरुषाला पुरुषाबरोबर खोली देणं हीच मूळ पद्धत आहे. जादा पैसे भरतो तो वेगळी खोली मागणारा. आपल्याकडेही बायकांपुरता एक मोठा मार्ग निघाला. केसरीची 'माय फेअर लेडी', पुढे वीणा वर्ल्डची 'वुमन्स स्पेशल' अशा सहलींमुळे हजारो मराठी बायका पहिल्यांदा नवऱ्याशिवाय, मुलांशिवाय घराबाहेर पडल्या. तिथे बहुतेक जणी एकट्याच येतात, त्यामुळे जोड्या आपोआप लागतात. या सहलींचं मोल मी जाणते. तरी प्रत्येक एकट्या बाईनं बायकांच्याच सहलीला जावं, हे काही उत्तर होत नाही. मला माझ्या तारखांना, मला हव्या त्या जागी, चारचौघांच्या ग्रुपमध्ये जायचं असतं.

आणि पुरुषांचं काय? त्यांच्यासाठी तर तोही मार्ग नाही. आमच्या सोसायटीतले एक काका, वय ७२, पत्नी गेल्यावर चारधामला निघाले तर त्यांना विशी-पंचविशीतल्या मुलाबरोबर खोली देऊ केली. मुलगा रात्री दीडपर्यंत फोनवर, काका पहाटे चारला उठणार. दोघांचेही हाल. एकट्या पुरुषाकडे लॉजवाला तर सोडाच, काही भक्तनिवासंसुद्धा संशयानं बघतात. त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण पुरुष तक्रार करत नाहीत.

जोडी जुळवणं म्हणजे दोन नावं एका ओळीत टाइप करणं नव्हे. खोली वाटून घेणं म्हणजे काय, हे ज्यांनी घेतलंय त्यांनाच माहीत. एकीला एसी १८ वर लागतो, दुसरी पंखासुद्धा बंद करते. एकीला सकाळी पूजेला अर्धा तास हवा असतो, आणि सहाला बॅगा बाहेर ठेवायच्या असतात. संडासला किती वेळ लागतो हे अनोळखी माणसासमोर उघड होतं, त्याची साठीतही लाज वाटते. कोणी घोरतं, कोणाला मधुमेहामुळे रात्री तीनदा उठावं लागतं, कोणी औषधांच्या डब्या शोधताना मोठा दिवा लावतं. शिवाय बरीच हॉटेलं खोलीला एकच की-कार्ड देतात. ते भिंतीवरच्या खाचेत घातलं की दिवे लागतात. एक जण फिरायला जाताना कार्ड घेऊन गेली की दुसरी अंघोळ करता करता अंधारात. दुसरं कार्ड मागितलं तर रिसेप्शनवाला लगेच देतो, पण मागता येतं हेच अनेकींना माहीत नसतं.

हे सगळं फॉर्मवर विचारता येण्यासारखं आहे. वय, घोरणं, एसी, उठायची वेळ, आजार, खाणंपिणं. लग्न जुळवताना आपण याच्या दसपट गोष्टी विचारतो. इथे सात रात्रींसाठी सहा प्रश्न पुरेत. आणि दोघींची संमती घेऊन निघायच्या आधी एकदा फोनवर बोलणं करून द्यावं. सोलापूरच्या ताईंचा आवाज मी घरी बसून दोन मिनिटं ऐकला असता तर त्याच क्षणी हो म्हटलं असतं.

ट्रिपलबद्दलही बोललं पाहिजे. तिघींना एका खोलीत ठेवतात तेव्हा तिसरा पलंग बहुतेक वेळा नसतो. एक्स्ट्रा बेड असतो. म्हणजे घडीची खाट किंवा जमिनीवर टाकलेली गादी, बाथरूमच्या वाटेवर. ती कोणाच्या वाट्याला येते? बहुतेक वेळा ज्या दोघी आधीपासून एकमेकींच्या ओळखीच्या आहेत त्यांच्या वाट्याला नाही. ती तिसरी, नंतर जोडलेली, जिच्यासाठी पार्टनर शोधत होते, तिच्या वाट्याला. गुडघे दुखणाऱ्या बाईला जमिनीवरून उठताना काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. ट्रिपलमध्ये ठेवलंत तर दर ट्रिपलचाच लावा, आणि एक्स्ट्रा बेडवर झोपणाऱ्याला त्यातही सवलत द्या. ट्विनचे पैसे घेऊन गादीवर झोपवणं हा सरळ अन्याय आहे.

कायदा याबाबतीत अगदी मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित करार' ही कल्पना आहे. ग्राहकाला नुकसानीत टाकणारा अवाजवी आकार किंवा अट त्यात बसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 'ड्रिप प्रायसिंग'चा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे सुरुवातीला एक किंमत दाखवायची आणि पुढे पुढे ती वाढवत न्यायची. मी वकील नाही. माझं प्रकरण त्यात नेमकं कुठे बसलं असतं ते न्यायमंचानंच सांगावं. पण ज्या माणसानं शेअरिंगचा पर्याय सही करून घेतला, त्याच्याकडून निघायच्या नऊ दिवस आधी, माघार घ्यायची सोय उरलेली नसताना, एक तृतीयांश रक्कम जादा मागणं वाजवी कसं, हे मला कोणी तरी समजावून सांगावं.

सरकारनं निदान आपल्या घरात सुरुवात करावी. आयआरसीटीसीच्या सहलींच्या दरपत्रकात सिंगल, डबल, ट्रिपल असे तिन्ही दर शेजारी शेजारी छापतात. हे चांगलं आहे. खासगी कंपन्यांनीही जाहिरातीत तेवढ्याच मोठ्या अक्षरात सिंगलचा दर छापावा. पण दर छापणं ही पहिली पायरी झाली. एकट्यानं येणाऱ्याला शेअरिंगचा पर्याय द्यावा आणि तो एकदा स्वीकारला की दर बदलणार नाही असं लिहून द्यावं. राज्याचं महिलांसाठीचं 'आई' पर्यटन धोरण २०२३ मध्ये आलं. त्यात १ ते ८ मार्च या काळात आणि वर्षातल्या आणखी काही दिवशी एमटीडीसीच्या निवासांत महिलांना ५० टक्के सवलत आहे. एकट्या बाईनं हिशेब करून बघावा. अर्धं भाडं म्हणजे अगदी तिच्या वाट्याची अर्धी खोली. थोड्या दिवसांपुरतं का होईना, सरकारला हे गणित सुटलेलं आहे.

एकटी माणसं थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि अविवाहित अशा एकट्या स्त्रियांची संख्या देशात सात कोटींच्या वर होती, आणि त्याला आता बराच काळ लोटला. मुलं पुण्यात किंवा परदेशात, जोडीदार गेलेला, हातात पेन्शन आणि पायांत अजून दहा वर्षांचा जोर, अशा बायका माझ्या एका बिल्डिंगमध्ये पाच आहेत. त्यांतल्या तिघी सहलीला जात नाहीत. एकीनं मला स्पष्ट सांगितलं, "पैसे आहेत गं. पण एकटीचे जास्त भर म्हणतात ना, तेव्हा ते गेल्याचं परत एकदा कोणीतरी सांगतंय असं वाटतं." कंपनीच्या हिशेबात हे बसत नाही, मला माहीत आहे. पण कंपन्यांना निदान एवढं दिसावं की ही बाई त्यांची गिऱ्हाईक होऊ शकली असती आणि झाली नाही.

सोलापूरच्या ताई आणि मी केरळहून परतताना फोन नंबर घेतले. पुढच्या जानेवारीत आम्ही दोघींनी मिळून एका लहान कंपनीकडे कच्छचं बुकिंग केलं, ट्विन शेअरिंगनं. भूजच्या हॉटेलात शिरल्यावर मी सगळ्यात आधी रिसेप्शनवर दोन कार्डं मागितली. ताई घोरतात. मी पहाटे पाचला चहा करते, त्याचा त्यांना त्रास होतो. आम्ही हे एकमेकींना सांगितलं आणि दोन्ही चालवून घेतलं.

यंदा नागपूरच्या एक बाई आमच्याबरोबर यायचं म्हणताहेत. ट्रिपलचा दर लेखी मागवला आहे. एक्स्ट्रा बेडवर तिघींनी आळीपाळीनं झोपायचं, दर रात्री पाळी बदलायची, असं फोनवर ठरलं आहे. पहिली पाळी माझी.